आंब्यांच्या दिवाळीतला इंग्रजी सिनेमा

परवा सकाळी फ्रीजमधून रव्याचा डबा काढला, ओट्यावर ठेवला, आणि झाकणाला हात लावायच्या आत डब्याला घाम फुटला. म्हटलं, आला. कॅलेंडर बघायची गरज नाही. इथं ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनमध्ये, रवा, बेसन, सुंठ, कापूर सगळं फ्रीजमध्ये राहतं. बाहेर ठेवलं तर आठवड्यात किडे तरी होतात नाही तर बुरशी तरी धरते. पण डबा असा दरदरून घामेजतो तो वर्षातले दोनच महिने. इथल्या पावसाच्या आधीचे, ऑक्टोबर-नोव्हेंबर. इथले लोक त्याला बिल्ड-अप म्हणतात.

आभाळ रोज दुपारी भरून येतं. काळंजांभळं होतं, बंदराच्या बाजूला गडगडतं, आणि काहीही न करता संध्याकाळपर्यंत निघून जातं. कोणी दारापर्यंत यावं आणि बेल न वाजवताच परत जावं तसं. रोज. अंगाला कपडा नको होतो. कोणी बोललेलं नको होतं, आणि नाही बोललं तर तेही खुपतं. एरवी इथं गाडीचा हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी दिल्यासारखं. या दिवसांत मात्र सिग्नलला हॉर्न ऐकू येतात. शेजारची जूडी, एरवी इतकी गोड बाई, तिनं एकदा कुंपणावरून तिच्याच नवऱ्याच्या चपला फेकून दिल्या. मी बघतेय म्हटल्यावर हसून म्हणाली, "मँगो मॅडनेस, लव्ह!" आंब्याचं वेड. कारण आंबे नेमके याच दिवसांत पिकतात. आमची दिवाळी आंब्यात येते हो! फराळाच्या ताटात चकलीशेजारी आंब्याची फोड. माझ्या आईला हे सांगितलं असतं तर तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

तीन वर्षांपूर्वीचा बिल्ड-अप मात्र मला दुसऱ्याच एका गोष्टीनं आठवतो. एका इंग्रजी सिनेमानं.

आम्ही राहतो आमच्या मुलीकडं, मृणालकडं. ती इथल्या हॉस्पिटलात फिजिओ आहे. जावई गॅसच्या कामावर, तीन आठवडे समुद्रात, तीन आठवडे घरी. नात इरा तेव्हा अकरावीत होती आणि तिला शाळेत एका सिनेमावर मोठा निबंध लिहायचा होता. सिनेमा तिनंच निवडलेला. ब्रिटिश, कुठल्यातरी छोट्या लोकांनी केलेला, नावाजलेला कोणी नट नाही की नटी नाही. घरात एसी फक्त हॉलमध्ये लावायचा असा आमचा नियम, त्यामुळं शाळेतून आल्यावर इरा हॉलमध्ये सिनेमा लावून बसायची आणि मी तिथंच शेवग्याच्या शेंगा सोलत, नाही तर चकलीची भाजणी चाळत. एकच सिनेमा तिनं पाच-सहा वेळा बघितला असेल. थांबव, मागं ने, वहीत लिही, परत लाव. त्यामुळं माझाही बघून झाला.

"भुताचा आहे का गं?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"नो, आजी. सायकॉलॉजिकल थ्रिलर."

"म्हणजे?"

"म्हणजे भूत डोक्यात असतं."

आता सांगते काय होतं त्यात. समुद्राकाठचं एक इंग्रजी गाव, थंडीतलं, ओस पडलेलं. एक घर. भिंतींना ओल. त्यात एक म्हातारं होत चाललेलं जोडपं. बाईच्या वस्तू जागच्या हलतात. किल्ली, केसांचा ब्रश, एक पत्र. ती नवऱ्याला विचारते, तू हलवलंस का? तो म्हणतो, नाही गं. आणि चहा करून देतो. बस्स. दीड तास हेच. रक्त नाही, सुरा नाही, पार्श्वसंगीतसुद्धा नाही. नुसता त्यांच्या फ्रीजचा घूं घूं आवाज. मी म्हटलं, यांच्याकडं बाजा वाजवायलाही माणूस नव्हता का? तर इरा म्हणाली, "इट्स इंडी, आजी, छोट्या बजेटचा. दॅट्स द पॉइंट." त्या बाईच्या तोंडातून बोलताना वाफ यायची, आणि इकडं आमच्या खिडकीच्या काचा एसीमुळं बाहेरून धुक्यासारख्या पांढऱ्या झालेल्या. मी पदरानं मान पुसत त्यांची थंडी बघायची.

वस्तू तो नवराच हलवतो, हे प्रेक्षकाला अर्ध्यात कळतं. तिला नाही कळत. तो इतका शांत माणूस! स्वेटर घातलेला, हळू बोलणारा. जिन्याची एक पायरी वाजते म्हणून तेवढी एक पायरी ओलांडून वर जातो, तिची झोप मोडू नये असं. तिथं मी हातातल्या शेंगांकडं बघायला लागायची, आणि का ते मला पहिले दोन दिवस कळत नव्हतं. खरं तर कळत होतं. बघायचं नव्हतं.

आता यांच्याविषयी सांगायला हवं.

हे पिंपरीच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये होते, चौतीस वर्षं. माणूस असा की बारीक कानसही झोपेत हात घालून काढेल. इथं आल्यावर पहिल्या महिन्यात यांनी काय केलं असेल? आमचं घर खांबांवर उभं आहे, इथली जुनी घरं असतात तसं. खाली मोकळ्यात गाडी ठेवतात. तिथं यांनी प्लायवूडचा मोठा बोर्ड ठोकला आणि प्रत्येक हत्याराची आकृती पिवळ्या रंगानं त्यावर काढली. पक्कडीच्या जागी पक्कडीची, हातोडीच्या जागी हातोडीची. पान्यांची तर रांग, सहा नंबरपासून बत्तीसपर्यंत. हत्यार काढलं की नुसती पिवळी सावली राहते, म्हणजे लांबूनही कळतं काय बाहेर आहे. जावई कौतुकानं म्हणायचा, "बाबांच्या बोर्डवरून घड्याळ लावावं."

त्या वर्षीच्या आधीच्या वर्षी कधीतरी पहिला पाना मला फ्रीजमध्ये सापडला. भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीखाली. मी हसले. पुसला, खाली जाऊन बोर्डवर लावला आणि यांना काही बोलले नाही. मग चष्मा तांदळाच्या डब्यात. मग कानस बाथरूममध्ये, टूथब्रशच्या शेजारी उभी. मी गुपचूप उचलायची, जागेवर ठेवायची. मृणालला नाही सांगितलं. सिडनीजवळ गिरावीनला माझी नणंद राहते, ती दर रविवारी फोन करून विचारायची, "वहिनी, दादा कसा आहे?" मी म्हणायची, "एकदम मस्त."

माझं काही जगावेगळं नव्हतं बरं का. आमच्या पिढीच्या बायकांचं हे अंगवळणी पडलेलं काम. लग्नकार्यात समोरून कोणी आलं आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर ओळख दिसली नाही की आपणच पुढं होऊन मोठ्यानं म्हणायचं, "अहो, बघा कोण आलंय! आपले नगरचे देशमुख!" नवरा लगेच, "अरे देशमुख!" कोणाला पत्ता लागत नाही. बँकेचा फॉर्म चुकला की "माझ्याच हातून शाई सांडली." शेहेचाळीस वर्षं मी यांना कधी चारचौघांत चुकू दिलं नव्हतं. मग आता घरात कशी चुकू देईन? मला वाटायचं मी सांभाळतेय.

एकच चूक झाली. मला पाने कळत नाहीत.

बारा नंबरचा पाना मी चौदाच्या आकृतीवर लावला. मला तर सगळे सारखेच दिसतात. यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, पण बोर्डकडं एक नजर टाकली आणि हे थांबले. वर येऊन मला म्हणाले, "अगं, खाली कोणीतरी येतं."

"कोण येणार?"

"माहीत नाही. हत्याराला हात लावतं. पळवत नाही काही. फक्त हलवतं. हा माझा हात नव्हे."

मी म्हटलं, "तुम्हीच लावला असेल घाईत." आणि चहा टाकला.

चहा टाकला! लक्षात येतंय ना? तो सिनेमा तेव्हा मी बघितलाही नव्हता.

त्यानंतर हे बेचैन झाले. दुपारची झोप सोडली. दर तासाला खाली चक्कर. जूडीला विचारून आले, तुझ्याकडंही येतं का कोणी. आभाळ गडगडायला लागलं की उठून जिन्याच्या टोकाशी उभे राहायचे, घामानं बनियन भिजलेलं, खाली टक लावून. मी म्हणायची, "अहो, बसा जरा." तर म्हणायचे, "तू आत जा. तुला काही होता कामा नये." मला वाचवत होते हो. माझ्यापासून.

दिवाळीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मी दुपारी पक्कड हातात घेऊन खाली गेले. सोफ्याच्या गादीखाली सापडली होती. बघते तर बोर्डच्या समोर सगळ्या जमिनीवर पांढरी पूड पसरलेली, एकसारखी, चाळणीनं चाळावी तशी. माझी रांगोळी! यांनी माझा रांगोळीचा अख्खा डबा तिथं रिकामा केला होता. पावलं उमटावीत म्हणून. रांगोळीत एकाच टोकाला ठसे होते, ते नारिंगी पायांच्या रानकोंबडीचे. ती इथं अंगणा-अंगणात पाला उकरत फिरते.

आणि मी काय करावं? मी परत फिरायला हवं होतं. मी नऊवारी खोचतात तशी साडी खोचली, खांबाला धरलं, आणि सत्तराव्या वर्षी ती रांगोळी ओलांडून पलीकडं बोर्डाखाली असलेल्या लाकडी ठोकळ्यावर पाय ठेवला. पक्कड लावली. तशीच परत आले. एक कण हलला नाही. वर येऊन दार लावलं, तर हॉलमध्ये इराचा सिनेमा चालू होता आणि नेमका तो स्वेटरवाला माणूस ती वाजणारी पायरी ओलांडत होता.

मी दाराला टेकले. तिथंच खाली बसले.

"आजी? यू ओके?"

"गरम होतंय," मी म्हटलं.

इरानं पंखा माझ्याकडं वळवला आणि सहज विचारलं, "आजी, तुला काय वाटतं? डज ही लव्ह हर?"

मी म्हटलं, "कोण?"

"तो. नवरा. माझ्या टीचर म्हणतात दोन्ही बाजूंनी लिही."

मी उठून भाजणीची चाळणी पुढ्यात ओढली. त्या सिनेमाच्या शेवटी तर कोणीच याचं उत्तर देत नाही. ती टेबलाशी बसलेली, तो चहा ओततो, आणि पडदा काळा. असा शेवट आपल्याकडच्या नाटकात केला तर लोक खुर्च्या फोडतील. पण त्याच्या जरा आधी एक डॉक्टर येतो त्या घरी. ती बाई त्याला जीव तोडून सांगते की वस्तू हलतात हो, खरंच हलतात. नवरा तिच्या खांद्यावर हात ठेवून गप्प उभा असतो. आणि डॉक्टर कागदावर काहीतरी लिहितो. खरं तीच बोलत असते, आणि वेडी तीच ठरते.

त्याच संध्याकाळी मृणाल ड्युटीवरून आली आणि मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाली, "आई, बाबांनी मला आज कामावर तीनदा फोन केला. कॅमेरा लावून दे म्हणतात. घरात कोणी शिरतं म्हणतात. मी वाचलंय, असे भास होतात या वयात. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय. कदाचित त्यासाठी गोळ्या सुरू करतील."

"भास नाहीत ते," मी म्हटलं.

"मग काय आहे?"

मी कणकेचा गोळा हातात घेतला. सांगू कसं? कोण हलवतं ते सांगायचं तर का हलवतं तेही सांगायला लागणार. म्हणजे हे विसरतात. ते मी कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं, एकटी असतानासुद्धा.

गुरुवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते विचारू नका. नरकचतुर्दशीला यांच्या एकाच हाताला मी दोनदा उटणं लावलं. अनारसे तेलात विरघळले. मी दोष दमट हवेवर ढकलला. रात्री कूस बदलत पडायची. बोलले नाही तर हे खरे असून खोटे ठरतील, गोळ्या खातील, आणि त्यांच्या डोक्यात कायमचं बसेल की आपल्याला नसलेली माणसं दिसतात. आणि बोलले तर? आत्तापर्यंत यांच्या मते बिघाड बाहेर होता, कोणी परका येत होता. तो मी उचलून यांच्याच डोक्यात ठेवणार. यातलं कमी वाईट काय, मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पायात सँडल, आवाजात गोडवा. यांना एक कागद देऊन म्हणाल्या, घड्याळ काढा. यांनी कंपासशिवाय असा गोल काढला की त्या बाई म्हणाल्या, वॉव. मग आकडे लिहायला लागले. बारा, एक, दोन, तीन... सगळे आकडे उजवीकडंच दाटीवाटीनं आले आणि डावी बाजू मोकळी राहिली. हे त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले. मृणालनं मान खाली घातली.

मग डॉक्टरीणबाईंनी यांना विचारलं, घरात काही काळजी वाटते का?

हे ताठ बसले. "समबडी इज शिफ्टिंग माय टूल्स. नॉट स्टीलिंग. शिफ्टिंग."

डॉक्टरीणबाईंनी हळूच मान हलवली आणि कीबोर्डवर टाइप करायला लागल्या. आणि माझा हात, मी बघते तर, यांच्या खांद्यावर होता. मी चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ही इज राइट. इट इज मी."

टाइप करणं थांबलं. "आई?" मृणाल म्हणाली.

मी यांच्याकडं वळले. इंग्रजीत नाही जमणार होतं पुढचं. "अहो, मीच हलवते तुमच्या वस्तू."

"तू?"

"हो."

"कशाला?"

एवढ्या वर्षांत यांनी मला विचारलेला सगळ्यात अवघड प्रश्न हाच. "तुम्ही विसरता म्हणून. कुठंही ठेवता. मी परत जागेवर ठेवते."

एसीचा आवाज तेवढा येत होता. हे आपल्या हातांकडं बघत होते. मग म्हणाले, "किती दिवस?"

"दीड वर्ष."

"म्हणजे दीड वर्ष मी विसरतोय."

"हो."

"आणि तू रोज म्हणायचीस, कोणी नाही."

"हो."

यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग एकदम डोकं वर करून, "बारा नंबरचा पाना चौदावर तू लावलास?"

"हो हो, मीच."

"मूर्ख आहेस," म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंकडं वळून, "फॉर्टी-सिक्स इयर्स! शी डज नॉट नो ट्वेल्व्ह फ्रॉम फोर्टीन!"

त्या बाई हसल्या. मृणाल हसता हसता रडायला लागली. आणि मला दिसलं, डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरवर एकच बटण दाबून धरलेलं. लिहिलेलं पुसलं जात होतं. यांचं घड्याळ मात्र कागदावर तसंच होतं. ते कोणी पुसू शकत नव्हतं.

गोष्टीत असतं तर इथं सगळं गोड झालं असतं. हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. जेवायला बसायचे, ताट सरकवायचे, उठायचे. तिसऱ्या दिवशी भाऊबीज. मी ताटात आंबा कापून ठेवला, तर म्हणाले, "खोटं बोलायचं नाही परत." मी म्हटलं, "नाही." एवढंच. मला वाटतं शेहेचाळीस वर्षांत मी यांना दिलेलं तेच पहिलं खरं वचन. बाकीची सगळी सोयीची होती.

इरा आता मेलबर्नला युनिव्हर्सिटीत आहे. तिच्या निबंधाला चांगले मार्क मिळाले, दोन्ही बाजूंनी लिहिला म्हणून. मला कोणी दोन्ही बाजूंनी लिहायला सांगितलं तर माझी वही पुरणार नाही. दुपारी आभाळ भरून आलं की मला अजून बसवत नाही. ओट्यावरून खिडकीशी, खिडकीतून जिन्याशी. यांचं विसरणं आता खूप पुढं गेलंय. हत्यारांना ते आता हातही लावत नाहीत. पण वस्तू हलतात ते त्यांना अजून कळतं, आणि दिवसातून आठ-दहा वेळा विचारतात, "कोण हलवतं गं?" मी दर वेळी सांगते, "मी." दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे माझ्याकडं बघतात, आणि म्हणतात, "तू होय. मग ठीक आहे."

परवा रव्याचा डबा पुसत होते तर हे मागं येऊन उभे राहिले. तोच प्रश्न. मी म्हटलं, "मी हलवते. तुम्ही विसरता ना, म्हणून."

"मग ठीक आहे," म्हणाले. जरा वेळ पंख्याखाली उभे राहिले. मग माझ्या अगदी जवळ येऊन, कोणी ऐकेल या भीतीनं हळूच म्हणाले, "पण त्याला सांगू नकोस हं."

"कोणाला?"

"तो विसरतो ना, त्याला. फार मनाला लावून घेईल बिचारा."

बाहेर गडगडत होतं. माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. खोटं बोलायचं नाही असं वचन दिलेलं मी यांनाच, आणि आता लपवायचं वचन मागत होते तेही हेच.

"नाही सांगत," मी म्हटलं.